जनपदोद्ध्वंस आणि आपत्ती-व्यवस्थापनाची मूलतत्त्वे : वैद्याची पूर्वतयारी

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय, जनपदोद्ध्वंसनीय विमान, आपल्यापैकी प्रत्येकाने पदवीच्या अभ्यासक्रमात वाचलेला असतो. वायू, उदक, देश आणि काळ हे चार भाव विगुण झाले की भिन्न प्रकृतीची, भिन्न आहाराची, भिन्न बलाची व भिन्न वयाची माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने ग्रस्त होतात, हा त्यातील सिद्धान्त उत्तरपत्रिकेत उतरतो आणि बहुधा तेथेच राहतो. त्या अध्यायाच्या आरंभीच्या प्रसंगाकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. पांचाल देशातील कांपिल्य नगरीजवळ, गंगेच्या तीरावर, ग्रीष्माच्या अखेरच्या महिन्यात वनात फिरत असताना भगवान पुनर्वसु आत्रेय अग्निवेशाला सांगतात की, नक्षत्रे व ऋतू यांच्या ठिकाणी विकृतीची लक्षणे दिसू लागली आहेत; लवकरच भूमी औषधींना यथायोग्य रस, वीर्य, विपाक व प्रभाव देईनाशी होईल; म्हणून उद्ध्वंसापूर्वी आणि भूमी विरस होण्यापूर्वी औषधे काढून ठेवावीत. अग्निवेशाचा प्रश्न आणि त्यावरील सिद्धान्तचर्चा यांनंतर येते. आधी आज्ञा आहे ती संग्रहाची, आणि ती रोग प्रकट होण्यापूर्वीची आहे.

आधुनिक आपत्ती-व्यवस्थापनशास्त्राचे पहिले सूत्रही हेच होय. आपत्तीच्या दिवशी वैद्य किती उपयोगी पडेल, हे त्या दिवसाच्या धावपळीवर फारसे अवलंबून नसते. ते आधीच्या शांत महिन्यांत ठरून गेलेले असते. प्रस्तुत लेखात या शास्त्राची मूलतत्त्वे खाजगी व्यवसाय करणाऱ्या, विशेषतः तालुका व ग्रामपातळीवरील, वैद्याच्या दृष्टीने मांडण्याचा प्रयत्न केला आहे. शासकीय यंत्रणेच्या रचनेचा तपशील येथे आवश्यक तेवढाच घेतला आहे.

आपत्ती : हेतू आणि क्षेत्र

भूकंप, अतिवृष्टी, चक्रीवादळ या घटना म्हणजे आपत्ती नव्हेत. ते केवळ हेतू होत. हेतू आणि त्याच्यासमोर उघडा पडलेला दुर्बल समाज यांचा संयोग झाला, आणि त्यातून निर्माण झालेली हानी स्थानिक सामर्थ्याच्या पलीकडे गेली, म्हणजे आपत्ती होते. चरकाने सूत्रस्थानात व्याधिक्षमत्वाचा विचार करताना म्हटले आहे की, समान अपथ्य सर्वांच्या ठिकाणी समान दोष उत्पन्न करीत नाही व सर्व शरीरे व्याधीस तोंड देण्यास सारखी समर्थ नसतात. गावांचेही असेच आहे.

महाराष्ट्रातील दोन भूकंप शेजारी ठेवून पाहावेत. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयना परिसरात आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात जे भूकंप झाले, ते तीव्रतेने जवळपास सारखे, दोन्ही सहा रिश्टरच्या थोडे वर होते. दोन्ही पहाटे, माणसे झोपेत असताना झाले. कोयनेच्या भूकंपात मृतांची संख्या दोनशेच्या आत राहिली. लातूर-उस्मानाबाद भागात ती दहा हजारांच्या घरात गेली. (उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव आता धाराशिव आहे.) या तफावतीस वस्तीची दाटी हे एक कारण आहे, पण मुख्य कारण घरात आहे. दगड व चिखल यांच्या जाडजूड भिंती आणि त्यांवर लाकडी सऱ्यांच्या आधाराने घातलेले मातीच्या जाड थराचे माळवद, ही मराठवाड्यातील घरबांधणी उन्हाळ्यात गारवा देणारी, पण हादऱ्यात अत्यंत घातक ठरली. माणसे भूकंपाने मेली नाहीत, घराने मेली, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

म्हणून आपत्ती-व्यवस्थापनाच्या ज्या चार अवस्था सांगितल्या जातात, त्यांत सौम्यीकरण पहिले येते. घरे भूकंपरोधक बांधणे, पूररेषेच्या आत वस्ती होऊ न देणे, दरडीखालच्या वाड्या हलविणे, हा सर्व निदानपरिवर्जनाचाच प्रकार होय. दुसरी अवस्था पूर्वतयारीची, तिसरी प्रत्यक्ष प्रतिसादाची आणि चौथी पुनर्वसनाची. प्रसिद्धी तिसरीस मिळते आणि जीव पहिल्या दोहोंनी वाचतात. ओडिशाच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्याच किनाऱ्यावर १२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलिन हे अतितीव्र चक्रीवादळ धडकले, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलविले गेले होते, आणि मृतांची संख्या काही डझनांवर थांबली. मधल्या चौदा वर्षांत निवारे बांधले गेले, इशारा गावोगाव पोहोचविण्याची व्यवस्था झाली आणि लोकांना त्या इशाऱ्याची सवय लागली. समुद्र आणि वारा मात्र तेच होते.

महाराष्ट्रात नदीकाठच्या गावांसाठी पाटबंधारे खाते दोन पूररेषा आखते. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल रेषा. आपले चिकित्सालय, औषधसाठा आणि राहते घर या रेषांच्या आत आहे की बाहेर, हे नकाशावर पाहून ठेवणे हे कोणत्याही ग्रंथाच्या पारायणाइतकेच आवश्यक आहे. कोल्हापुरात पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळील इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. सांगलीस आयर्विन पुलाजवळ धोका पातळी ४५ फूट असता पाणी ५७ फुटांवर पोहोचले. ज्यांनी केवळ मागील पुराच्या खुणेवर भरवसा ठेवून सामान माळ्यावर टाकले होते, त्यांचे सामान माळ्यासह पाण्यात गेले. त्या वेळी पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद होता. यावरून औषधसाठ्याचे एक माप मिळते. नियमित रुग्णांना लागणारी औषधे आणि जखमपट्टीचे साहित्य किमान एक आठवडा, बाहेरून काहीही न येता, पुरले पाहिजे. आणि ते तळमजल्यावर असता कामा नये.

वैद्याचे स्थान कोठे

आपत्ती-व्यवस्थापन अधिनियम २००५ अन्वये राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा तीन पातळ्यांवर प्राधिकरणे अस्तित्वात आली. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे असते. जिल्हा नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी १०७७, राज्य कक्षाचा १०७०, रुग्णवाहिकेचा १०८ आणि एकत्रित आपत्कालीन क्रमांक ११२. हे चार क्रमांक चिकित्सालयाच्या भिंतीवर असावेत. १०८ क्रमांकाच्या सेवेत काम करणाऱ्या डॉक्टरांमध्ये आयुर्वेद पदवीधरांची संख्या मोठी आहे, ही गोष्ट समाजाला फारशी ठाऊक नाही. आपणही ती पुरेशी सांगत नाही.

घटनास्थळी कार्य करताना एकच नियम सर्वांत महत्त्वाचा आहे, तो म्हणजे एकच नायक. १९७० मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात वणव्यांनी हाहाकार केला. त्याची चौकशी करताना असे आढळले की, माणसे व साधने यांची उणीव नव्हती. पण प्रत्येक खात्याचा हुकूम वेगळा, शब्द वेगळे आणि संदेशयंत्रणा वेगळी होती. त्यातून घटना-नियंत्रणाची जी पद्धत विकसित झाली, तिच्याच धर्तीवर भारतातील राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. एकाने आज्ञा द्यावी, प्रत्येकाने एकालाच उत्तरदायी असावे, आणि एका व्यक्तीच्या हाताखाली पाचसातांहून अधिक माणसे नसावीत, हा तिचा गाभा. वैद्य कितीही अनुभवी असो, घटनास्थळी पोहोचताच त्याने प्रथम वैद्यकीय प्रमुखाकडे नाव, पात्रता आणि आपणास काय करता येते हे सांगावे आणि नेमून दिलेले काम करावे. आपल्या मर्जीने गाडीत औषधे भरून निघणारे पथक पुष्कळदा मदतीऐवजी ओझे होते. त्याला अन्न, पाणी, निवारा लागतो आणि अरुंद रस्त्यावर त्याचीच गाडी रुग्णवाहिकेस आडवी येते. हे कटू असले तरी खरे आहे.

दुसरीकडे, बाहेरची मदत येईपर्यंतचे पहिले काही तास सर्वस्वी स्थानिकांचे असतात. ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर निघणाऱ्यांपैकी बहुतेकांना शेजारीपाजारीच काढतात. गावात राहणारा वैद्य हा त्या शेजाऱ्यांतीलच एक असतो.

वर्गवारी : नेहमीच्या चिकित्सेहून उलटा विचार

रोजच्या व्यवहारात आपण समोरच्या एका रुग्णासाठी सर्वस्व पणास लावतो. एकाच वेळी चाळीस जखमी समोर आले असता ही वृत्ती घातक ठरते, कारण एकावर खर्च झालेली वीस मिनिटे इतर तिघांचा प्राण घेऊ शकतात. जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त हित, हे येथील तत्त्व. याच्या वर्गवारीच्या कल्पनेचे श्रेय नेपोलियनच्या सैन्यातील शल्यवैद्य लारे यांना दिले जाते. जखमीचा हुद्दा न पाहता जखमेची गंभीरता पाहून क्रम लावावा, असा त्यांचा आग्रह होता. सुश्रुताचा साध्यासाध्यविवेक आपणास परिचित आहेच; येथे तो अर्ध्या ते एका मिनिटात करावयाचा असतो, एवढाच भेद.

प्रौढांसाठी सर्वत्र शिकविली जाणारी सोपी पद्धत अशी आहे. प्रथम मोठ्याने सांगावे की, ज्यांना चालता येते त्यांनी अमुक झाडाखाली जावे. जे चालत गेले ते हिरव्या वर्गातील. जे उरले त्यांच्याकडे एकेक करून जावे. श्वास चालत नसेल तर हनुवटी उचलून श्वासमार्ग मोकळा करावा. तरीही श्वास सुरू न झाल्यास काळी खूण करून पुढे जावे, आणि सुरू झाल्यास तांबडी. श्वास मिनिटाला तीसहून अधिक असल्यास तांबडी. तितका नसल्यास मनगटाची नाडी पाहावी. ही नाडीपरीक्षा दोषज्ञानासाठी नव्हे; नाडी लागते की नाही, एवढाच प्रश्न. न लागल्यास, किंवा नख दाबून सोडल्यावर लाली परतण्यास दोन सेकंदांहून अधिक वेळ लागल्यास, तांबडी. नाडी लागत असेल तर साधी आज्ञा द्यावी, ‘माझा हात दाबा’. ती समजत नसेल तर तांबडी. या सर्वांतून जो पार पडला पण चालू शकत नाही, तो पिवळा. या फेरीत उपचार दोनच, श्वासमार्ग मोकळा करणे आणि धो धो वाहणारे रक्त दाबून थांबविणे. बाकी काहीही करीत थांबू नये. फेरी पूर्ण झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी, कारण पिवळ्याचा तांबडा होण्यास वेळ लागत नाही.

काळी खूण करणे वैद्याच्या मनास फार जड जाते. आपल्या ओळखीचा, आपल्याच गल्लीतला माणूस असेल तर ते जवळजवळ अशक्य होते. म्हणून वर्गवारी करणारा आणि उपचार करणारा हे दोघे वेगळे असावेत, आणि शक्यतो वर्गवारी करणारा दुसऱ्या गावचा असावा. याचा विचार आधी, बसून, शांतपणे करावा लागतो.

रक्तस्तंभनासाठी सुश्रुताने संधान, स्कंदन, पाचन आणि दहन असे चार उपाय सांगितले आहेत. घटनास्थळी मात्र स्वच्छ कापडाचा थेट दाब हाच पहिला उपाय. शाखांतील रक्त दाबाने थांबत नसेल तर जखमेच्या वर आवळपट्टी बांधावी आणि बांधल्याची वेळ कपाळावर किंवा पट्टीवर लिहावी. भग्नाच्या बाबतीत सुश्रुताची कुशाबंधनाची कल्पना आजही जशीच्या तशी उपयोगी आहे. बांबूच्या कामट्या, जाड पुठ्ठा, घडी केलेली वर्तमानपत्रे यांपैकी जे मिळेल ते चालते. कटी, ऊरू व पृष्ठवंश यांच्या भग्नात त्याने पाच कीलकांनी स्थिर केलेले कपाटशयन सांगितले आहे. घराचे दार काढून त्यावर रुग्ण बांधून नेणे हा त्याच युक्तीचा ग्रामीण प्रयोग होय.

ढिगाऱ्याखाली कित्येक तास हात-पाय दबून राहिलेल्या व्यक्तीबाबत विशेष सावधानता हवी. अशी व्यक्ती शुद्धीवर असते, बोलते, पाणी मागते. वरचा दगड उचलताच काही वेळात कोसळते. दबलेल्या मांसपेशींतील पोटॅशियम व इतर विषारी द्रव्ये एकदम रक्तात येतात, हृदय थांबू शकते आणि पुढे वृक्क निकामी होतात. १९४१ मध्ये लंडनवरील बाँबहल्ल्यांतील जखमींवरून बायवॉटर्स यांनी याचे वर्णन केले. म्हणून शक्य तेथे शिरेतून लवणजल सुरू केल्यावरच भार काढावा, आणि असा रुग्ण कितीही ठीक दिसला तरी त्यास पिवळ्यात सोडू नये.

आणखी एक व्यवहार. आपत्तीनंतर रुग्णालयात प्रथम पोहोचतात ते किरकोळ जखमी, कारण त्यांना स्वतः चालता येते किंवा मिळेल त्या वाहनात चढता येते. गंभीर जखमी मागाहून येतात, तेव्हा खाटा भरलेल्या असतात. गावातील वैद्यांनी हिरव्या वर्गाचा भार आपापल्या चिकित्सालयात किंवा शाळेत घेतला, तर ग्रामीण रुग्णालयाचे दार गंभीर रुग्णांसाठी मोकळे राहते. आपल्या संघटनेस करता येण्याजोगे हे सर्वांत मोठे काम आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उदक

जनपदोद्ध्वंसाच्या चार भावांत चरकाने वायूहून उदक, उदकाहून देश आणि देशाहून काळ अधिक दुष्परिहार्य सांगितला आहे. व्यवहारात पुरानंतर आपल्या हाती सर्वाधिक असते ते उदक, आणि सर्वाधिक रोगही तेथूनच येतात.

गढूळ पाण्यात क्लोरिन वाया जाते. ते गाळातील सेंद्रिय द्रव्यांवर खर्ची पडते आणि जंतूंपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून आधी प्रसादन आणि मग निर्जंतुकीकरण हा क्रम कधीही उलटू नये. सुश्रुताने कलुष जलाच्या प्रसादनासाठी कतक, म्हणजे निवळीचे बी, आदी सात द्रव्ये सांगितली आहेत, त्यांत वस्त्रही आहे. निवळी अथवा तुरटी फिरवून, गाळ बसू देऊन, वरचे पाणी चौपदरी वस्त्राने गाळून घ्यावे. पण निवळीने पाणी स्वच्छ दिसू लागले म्हणजे ते निर्दोष झाले, असे समजणे धोक्याचे आहे. तेवढ्यावर थांबून रुग्णांस ‘आयुर्वेदोक्त शुद्ध जल’ म्हणून ते देणे शास्त्राची अप्रतिष्ठा करणारे ठरेल. सुश्रुताने क्वथनही सांगितले आहेच. इंधन असेल तेथे पाणी खळखळून उकळावे, नसेल तेथे क्लोरिन.

विहिरीचे गणित प्रत्येक वैद्यास तोंडपाठ असावे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्यास पाण्याच्या खोलीने व ३.१४ ने गुणून चाराने भागावे आणि आलेल्या घनमीटरांना हजाराने गुणावे, म्हणजे लिटर मिळतात. पाच मीटर व्यास आणि सहा मीटर पाणी असलेल्या विहिरीत ११८ घनमीटर, म्हणजे सुमारे एक लाख अठरा हजार लिटर पाणी असते. दर हजार लिटरला चांगल्या प्रतीची विरंजक चूर्ण, म्हणजे आपली नेहमीची ब्लिचिंग पावडर, अडीच ग्रॅम या हिशोबाने सुमारे तीनशे ग्रॅम पावडर लागेल. एका बादलीत शंभर ग्रॅमहून अधिक घेऊ नये, म्हणजे येथे तीन बादल्या. प्रथम थोड्या पाण्यात लगदा करावा, मग बादली पाऊण भरून ढवळावे आणि चुना खाली बसू द्यावा. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीत सोडावी आणि वर-खाली, चोहोबाजूंस हालवून पाण्यात मिसळावी. चुन्याचा गाळ विहिरीत टाकू नये. त्याने पाणी जड होते. एक तासानंतर पाण्यात लिटरला ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन आढळले पाहिजे, न आढळल्यास मात्रा वाढवावी. पुराचे पाणी आत शिरलेल्या विहिरीचा उपसा आधी करावा, आणि तेथे ही सामान्य मात्रा बहुधा पुरत नाही हे ध्यानात ठेवावे. चाचणीची पेटी ग्रामपंचायतीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात असते.

या सर्वांत दुबळा दुवा ब्लिचिंग पावडरच असतो. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरिन असते. उघड्या पोत्यात, दमट खोलीत, काही आठवड्यांतच ते निम्म्याखाली येते. मागील वर्षीचे अर्धे पोते यंदाच्या पुरासाठी राखून ठेवणे म्हणजे केवळ चुना राखून ठेवणे होय.

निवारा छावणीत माणशी दररोज किमान पंधरा लिटर पाणी आणि वीस माणसांमागे एक शौचालय, ही आंतरराष्ट्रीय मापे आहेत. पाचशे माणसांच्या छावणीस रोज साडेसात हजार लिटर पाणी व पंचवीस शौचालये असा त्याचा अर्थ होतो. स्त्रियांची शौचालये वेगळी, उजेडात व जवळ नसतील तर स्त्रिया पाणी पिणेच कमी करतात आणि मूत्रकृच्छ्राच्या तक्रारी सुरू होतात. छावणीतील वैद्याने औषधपेटी उघडण्यापूर्वी हे मोजावे.

अतिसाराच्या साथीत जलसंजीवनीचे महत्त्व १९७१ मध्ये सिद्ध झाले. बांगलादेशच्या युद्धातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत विसूचिकेने माणसे मरत होती आणि शिरेतून देण्याचे द्रव संपले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे मिश्रण पिंपात विरघळवून ते रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजविले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर असे उपचार मिळालेल्या रुग्णांत चार टक्क्यांच्या आत आला. हे काम रुग्णालयातील शय्येजवळ नव्हे, चिखलात झाले, आणि त्यात आप्तजन हेच परिचारक होते. सध्याच्या जलसंजीवनीच्या एक लिटरच्या पाकिटात मीठ २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. बालकांस जोडीला जस्ताची मात्रा दिली जाते. आपली लाजमंड, पेज, यवागू ही पथ्ये यासोबत अवश्य द्यावीत; अग्नी सावरण्यास त्यांची मदत होते. त्याऐवजी नव्हे. कुटजघन वटी देऊन मलप्रवृत्ती थांबली आणि मूल मात्र कोरडे पडत गेले, असे होता कामा नये.

देश : उंदीर, सर्प आणि पुरानंतरचा ज्वर

दूषित देशाचे वर्णन करताना चरकाने सर्प, डास, माश्या आणि उंदीर यांच्या प्रादुर्भावाचा उल्लेख केला आहे. यात जंतुशास्त्र शोधू नये. पण निरीक्षण किती अचूक होते, हे पूर पाहिलेल्यास सांगावे लागत नाही. पाणी बिळांत शिरले की सर्प उंचवट्यावर, म्हणजे माणसे जेथे गेली तेथेच, येतात. सर्पदंशात दंशस्थानी छेद देणे, चोखणे, घट्ट बांधणे हे सर्व टाळून दंश झालेला अवयव स्थिर ठेवावा आणि प्रतिविष असलेल्या केंद्रात रुग्ण तत्काळ पोहोचवावा. कोणत्या केंद्रात प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत आणि पूल बुडाल्यावर त्या केंद्राचा मार्ग कोणता, हे पावसाळ्यापूर्वी विचारून ठेवावे.

उंदरांमुळे होणारा लेप्टोस्पायरोसिस अधिक फसवा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मुंबईतील लाखो लोक छातीभर पाण्यातून घरी गेले. आणि ज्वराची लाट आली ती ऑगस्टमध्ये, पाणी ओसरून गेल्यावर, बातम्या थांबल्यावर. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी त्वचेवरील ओरखड्यांतून आत शिरते आणि लक्षणे बहुधा पाच ते चौदा दिवसांनी, क्वचित महिन्याने दिसतात. तीव्र ज्वर, शिरःशूल, डोळ्यांना लाली आणि विशेषतः पिंडिकोद्वेष्टन, पोटऱ्या दाबताच रुग्ण कळवळतो. मूत्रप्रमाण घटू लागले, कावीळ दिसली, श्वास लागला किंवा थुंकीत रक्त आले, तर काही तासांचा विलंबही प्राणघातक ठरतो.

असा रुग्ण प्रथम येतो तो गल्लीतल्या वैद्याकडेच. ‘पावसात भिजलो, अंग मोडून आले’ एवढेच तो सांगतो. गेल्या महिन्याभरात पुराच्या पाण्यात पाय घातला होता का, पायाला जखम किंवा चिखल्या होत्या का, हे दोन प्रश्न प्रत्येक ज्वररुग्णास विचारावेत. उत्तर होकारार्थी असेल आणि पोटऱ्या दुखत असतील, तर त्रिभुवनकीर्ती देऊन तीन दिवसांनी बोलावण्याची ही वेळ नव्हे. त्याच दिवशी रक्तमूत्रपरीक्षेसह रुग्णालयाकडे चिठ्ठी द्यावी. प्रतिबंधक प्रतिजैविक कोणास द्यावे याविषयी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या सूचना निघतात, त्यांनुसारच चालावे. चिखल्यांवर करंज तेल लावणे, पाय कोरडे ठेवणे, जखमेसह पाण्यात न उतरणे, हे मात्र आपण प्रत्येकास सांगू शकतो.

याच संदर्भात नोंदीचे महत्त्व आहे. आपल्याकडे आठवड्यात ज्वराचे पंधरा रुग्ण आले, शेजारच्या वैद्याकडे वीस आले, आणि दोघांनीही कोणास सांगितले नाही, तर साथ सुरू झाल्याचे कोणासच कळत नाही. ज्वर, अतिसार, कावीळ, कास-श्वास, दंश अशा पाच रकान्यांचा साधा तक्ता रोज सायंकाळी भरून प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावा. शून्य असेल तर शून्य कळवावे.

पुरात भिजलेली चूर्णे, गुग्गुळ, वटी व वनस्पती उन्हात वाळवून पुन्हा वापरू नयेत. दिसत नसली तरी बुरशी शिरलेली असते. मृतदेहांमुळे साथ पसरते हा समजही सोडून द्यावा. आघाताने किंवा बुडून मेलेल्यांच्या देहातून महामारी उद्भवत नाही. मात्र या भीतीपोटी ओळख न पटविता घाईने सामूहिक अंत्यविधी झाले, तर नातेवाइकांचे दुःख आणि वारसा, नुकसानभरपाई यांचे प्रश्न वर्षानुवर्षे मागे राहतात. देहाचे छायाचित्र, अंगावरील कपडे, दागिने, व्रणचिन्हे यांची नोंद करण्याचे काम वैद्य चांगले करू शकतो.

आप्त गमावलेल्यांशी बोलताना सत्त्वावजयाचा अर्थ उपदेश करणे असा घेऊ नये. जवळ बसावे, पाणी द्यावे, बोलायचे असेल ते बोलू द्यावे, हरवलेल्या माणसाचा शोध घेण्यास मदत करावी. ‘काय झाले ते सगळे सांगा’ असा आग्रह धरू नये. निद्रानाश, अन्नद्वेष, दचकणे ही लक्षणे काही आठवड्यांनंतरही टिकली, तर मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

शाखेचा आराखडा

आराखडा म्हणजे जाडजूड वही नव्हे; दोन पाने पुरतात. तालुका शाखेने सदस्यांची यादी करावी आणि प्रत्येकापुढे घराचा पत्ता, पूररेषेच्या आत की बाहेर, कोणते वाहन, कोणते कौशल्य (शिरामार्गे द्रव देणे, प्रसूती, भग्नबंधन, पोहणे), रक्तगट आणि घरी आपल्यावर अवलंबून असलेली लहान मुले किंवा वृद्ध, हे लिहावे. शेवटचा रकाना बहुधा वगळला जातो. ज्याच्या घरी अंथरुणास खिळलेली आई आहे, त्यास पहिल्या तुकडीत नेमणे हा कागदावरचा खेळ होतो. स्वतःच्या कुटुंबाची व्यवस्था झालेली नसलेला वैद्य कर्तव्यावर टिकत नाही, आणि त्यास दोषही देता येत नाही.

दूरध्वनीची साखळी करावी, एकाने तिघांना, त्या तिघांनी प्रत्येकी तिघांना. मात्र भ्रमणध्वनी बंद पडणार हे गृहीत धरावे. म्हणून ‘संपर्क न झाल्यास अमुक शाळेत, अमुक वेळी जमावे’ असे एक ठिकाण व त्यास पर्यायी उंचावरचे दुसरे ठिकाण आधीच ठरवावे. गावातील क्षयरोगी, मधुमेही, अपस्मारी, डायलिसिसवरील रुग्ण आणि आठव्या-नवव्या महिन्यातील गर्भिणी यांची यादी आशा कार्यकर्तीकडे असते. ती दर तीन महिन्यांनी पाहून घ्यावी. पुरात सर्वप्रथम हलवावयाची ती हीच माणसे. औषध अचानक बंद पडल्याने अपस्माराचा वेग किंवा मधुमेहजन्य मूर्च्छा आलेले रुग्ण छावणीत आढळतात, म्हणून प्रत्येकास चालू औषधांची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ ठेवण्यास सांगावे.

आराखड्याची शाखा-अध्यक्षांनी तहसीलदार व तालुका आरोग्य अधिकारी यांच्याकडे लेखी नोंद करून पोच घ्यावी. अन्यथा ऐन वेळी आपले पथक कोणाच्याही हिशोबात नसते. वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात, रंगीत तालीम घ्यावी. तीस विद्यार्थ्यांच्या गळ्यात जखमेचे वर्णन लिहिलेल्या चिठ्ठ्या अडकवून त्यांना मैदानात पसरावे आणि दोन वैद्यांनी पंधरा मिनिटांत वर्गवारी पूर्ण करावी. पहिल्या खेपेस गोंधळ उडतोच. कोणत्या क्षणी उडाला, हे कोणीतरी कडेला उभे राहून लिहून घ्यावे.

यंदाच्या तालमीच्या दिवशीच ब्लिचिंग पावडरच्या पोत्यावरील उत्पादनाचा महिना, जलसंजीवनीच्या पाकिटांची मुदत, विजेरीची बॅटरी आणि यादीतील प्रत्येक दूरध्वनी क्रमांक लावून पाहावा. बदललेले क्रमांक त्याच वेळी शाईने दुरुस्त करावेत, आणि दुरुस्त केलेल्या यादीची एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यावी.